गळती शोधावी कशी?

श्रोतेहो, सायकलचे पंक्चर काढताना आपण सगळ्यांनीच पाहिले आहे. कारागीर ट्यूबमध्ये हवा भरतो, ती घमेल्यातल्या पाण्यात बुडवून हळूहळू फिरवतो आणि बुडबुडे दिसले की तेथे बोट ठेवतो. मोटारीचा रेडिएटरही याच रीतीने तपासता येतो.

पण गॅसची भरलेली टाकी घमेल्यात कशी मावणार? तेथे साबणाचे पाणी घ्यावे. रेग्युलेटरच्या जोडावर आणि रबरी नळीवर फेस लावावा. गॅस निसटत असेल तर फेस फुगतो. काडी पेटवून गळती पाहणारे महाभाग मला भेटले आहेत! स्वयंपाकाचा गॅस हवेपेक्षा जड. तो जमिनीलगत साचून राहतो आणि एका ठिणगीने भडकतो. त्याला स्वतःचा वास नसतो, म्हणून उग्र वासाचे मर्कॅप्टन त्यात मुद्दाम मिसळतात. हा वास आला तर फेसाच्या आधी शेगडी व रेग्युलेटर बंद करावा, दारे-खिडक्या उघडाव्यात आणि विजेच्या बटणाला हात लावू नये.

छिद्र फारच बारीक असेल तर बुडबुडा फुगायलाच इतका वेळ लागतो, की पाहणाऱ्याचा धीर सुटतो. मग वस्तूत दाबाने हवा भरून तोंड बंद करतात आणि मापकाचा काटा उतरतो का ते पाहतात. येथे ऊन फसवते, बरे का! तपमान २७ अंशांवरून ३० वर गेले, तर आतला एकूण दाब शेकडा एकाने वाढतो आणि लहानशी गळती त्यात झाकून जाते.

याहून सूक्ष्म काम हेलियम वायू करतो. साध्या हवेत तो दहा लाखांत जेमतेम पाच भाग असतो, म्हणून वेगळा ओळखू येतो. वस्तूतली हवा उपसून काढतात, बाहेरून सांध्यांवर हेलियम सोडतात, आणि अणू वजनाप्रमाणे निवडणारे यंत्र आत शिरलेला हेलियम पकडते. अमेरिकेत १९४० नंतरच्या दशकात युरेनियमच्या कारखान्यांतील नळ्यांसाठी ही रीत वाढीस लागली. एक घन सेंटिमीटर वायू निसटायला सुमारे ३२ वर्षे लागतील, एवढी बारीक गळतीदेखील तिने सापडते. हृदयाचे ठोके सांभाळणाऱ्या पेसमेकरची डबी अशीच हेलियमने तपासतात. कारण ती वर्षानुवर्षे शरीरात राहते, आणि तेथला ओलावा कणाकणाने आत झिरपला तर आतले विजेचे नाजूक भाग गंजून निकामी होतात.