दुसरा गाल आणि इतर सोयीस्कर समजुती

चर्चमधल्या लग्नात करिंथकरांस पहिल्या पत्राचा तेरावा अध्याय वाचला जातो, नवरानवरी एकमेकांकडे बघतात, आणि ख्रिस्ती प्रीती म्हणजे काहीतरी हळवं असतं ही समजूत पक्की होते. पौलाने हे लिहिलं ते एका भांडकुदळ मंडळीला. तिथे भाऊ भावाला कोर्टात खेचत होता, आणि प्रभुभोजनाला खातेपिते लोक आधी जेवून घेत, गरीब उपाशी राहत. म्हणून त्या अध्यायात प्रीती कशी वागते आणि कशी वागत नाही हेच भरलेलं आहे. मनात उमाळा येतो की नाही, हे पौल विचारत नाही. नावडत्या जावेशीही तसं वागता येतं. खरा कस तिथेच लागतो.

गैरसमज: दुसरा गाल पुढे करायचा, म्हणजे मार खाऊन गप्प बसायचं.

हा सगळ्यांत महागात पडणारा. नवऱ्याचा मार खाणाऱ्या बाईला ‘तुझा क्रूस तू वाहा’ असं सांगणारी वडीलधारी माणसं आजही भेटतात. त्यांनी योहानाचा 18वा अध्याय उघडावा. चौकशी चालू असताना शिपायाने येशूला चपराक मारली, तेव्हा येशूने जाब विचारला: माझं बोलणं चुकलं असेल तर दाखव, नसेल तर मारलंस का? शिवी नाही, सूड नाही, पण मुकाट्याने सोसणंही नाही. मत्तयाच्या 18व्या अध्यायात तर रीतच घालून दिली आहे. आधी एकट्याला गाठून चूक सांगा, ऐकलं नाही तर एकदोघांना बरोबर न्या, तरीही नाही तर मंडळीला कळवा. पंडिता रमाबाईंनीही विधवांना सोसत राहायला शिकवलं नाही. 1889 मध्ये मुंबईत शारदा सदन काढून त्यांना शिक्षण दिलं, पुढे केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये छपाई, विणकाम अशी कामं हाती दिली. 2005चा कौटुंबिक हिंसाचाराविरुद्धचा कायदा ख्रिस्ती बाईलाही लागू आहे. त्याचा आधार घेणारी प्रीतीत उणी पडत नाही.

गैरसमज: क्षमा केली की व्यवहार पूर्ववत.

भावाने वाटणीत फसवलं तर राग सोडावा. सातबारा तपासणं सोडायची गरज नाही. बायबलमधला योसेफही आपल्या भावांना पारखून घेतो आणि मगच ओळख देतो.

गैरसमज: सगळं एकटीने उपसलं तरच ती सेवा.

अंथरुणाला खिळलेल्या सासऱ्यांचं सगळं एकाच सुनेने करायचं, आणि ती थकले म्हणाली की तिची श्रद्धा कमी! येशूच्या दाखल्यातला दयाळू शोमरोनी जखमीला मलमपट्टी करतो, उतारशाळेत नेतो, रात्री सांभाळतो. सकाळी मात्र तिथल्या मालकाच्या हातावर दोन दिनार, म्हणजे मजुराची दोन दिवसांची मजुरी, ठेवतो आणि पुढच्या वाटेला लागतो. जास्त लागलं तर परत येताना देईन म्हणतो. माणूस त्याने टाकला नाही, पण काम वाटून दिलं. हा भाग प्रवचनात फारसा रंगत नाही. कारण उघड आहे: पगारी बाई ठेवायची तर दिरांनाही खिशात हात घालावा लागतो.

गैरसमज: बाहेरच्यांसाठी झिजणं घरच्यांपेक्षा वरचं.

देवाला वाहिलं या सबबीखाली आईबापांना देताना हात आखडणाऱ्यांना येशूने फटकारलं होतं. आपल्याकडे रेव्हरंड नारायण वामन टिळकांचं उदाहरण आहे. देताना त्यांना धरबंध नसे, आणि ओढाताण पत्नी लक्ष्मीबाईंच्या वाट्याला येई. ‘स्मृतिचित्रे’ या आत्मचरित्रात त्यांनी ती हसत, पण काही न झाकता सांगितली आहे. मला त्या दानशूरपणापेक्षा टिळकांची दुसरी एक गोष्ट मोठी वाटते. 1895 मध्ये त्यांनी बाप्तिस्मा घेतला आणि दोघं काही वर्षं दुरावली. पुन्हा एकत्र आल्यावरही त्यांनी बायकोवर धर्मांतराची सक्ती केली नाही. लक्ष्मीबाईंनी 1900 मध्ये बाप्तिस्मा घेतला, तो स्वतःला पटल्यावर.