मालकाविना मजुरी : ‘द वेस्ट’ या आंतरजालीय खेळातील श्रमव्यवस्थेचे वाचन

‘वेस्टर्न’ या प्रकाराची तौलनिक चर्चा आजवर प्रामुख्याने कादंबरी आणि चित्रपट या दोन माध्यमांच्या आधारे झाली आहे. गेल्या काही दशकांत या प्रकाराने संगणकीय खेळ हे तिसरे माध्यम आत्मसात केले, परंतु साहित्याभ्यासकांनी त्याची पुरेशी दखल घेतलेली नाही. याचे एक कारण असे संभवते की, खेळात वाचण्याजोगी संहिता असते हेच आपण सहजासहजी मान्य करीत नाही. प्रस्तुत लेखात ‘द वेस्ट’ हा खेळ अभ्यासासाठी घेतला आहे. हॅम्बर्ग येथील ‘इनोगेम्स’ या जर्मन कंपनीने तो २००८ साली आणला. ब्राउझरमध्ये, असंख्य खेळाडूंनी एकाच नकाशावर खेळावयाचा हा खेळ आहे. त्यातील कामांची व्यवस्था कशी चालते हे आधी समजावून घ्यावे आणि मग ती व्यवस्था श्रमाविषयी काय बोलते व काय बोलत नाही याचा विचार करावा, असे या लेखाचे स्वरूप आहे.

१. पूर्वपीठिका

फ्रेडरिक जॅक्सन टर्नर या इतिहासकाराने १८९३ साली शिकागो येथे सरहद्दीविषयीचा आपला सुप्रसिद्ध निबंध वाचला. पश्चिमेकडे सरकत जाणाऱ्या सरहद्दीने अमेरिकी माणूस घडवला, हा त्याचा गाभा होता. ओवेन विस्टर यांची ‘द व्हर्जिनियन’ ही कादंबरी १९०२ साली प्रसिद्ध झाली आणि काउबॉय हा नायक म्हणून प्रतिष्ठित झाला. तथापि या नायकाचे रोजचे काम, म्हणजे गुरे राखणे, हाकणे, डागणे, कादंबरीत फारसे येत नाही. पुढील चित्रपटांतही तो प्रामुख्याने बंदूक चालवणारा माणूस म्हणूनच उरला.

इतिहासातला काउबॉय मात्र पगारी मजूर होता. १८८३ साली टेक्सासच्या उत्तर भागातील काउबॉयांनी पगारवाढीसाठी संप केला होता आणि तो फसला होता. काउबॉयांनी संप केला होता हे वाक्य आज कानाला विसंगत वाटते, ते या कथनपरंपरेने श्रम पडद्याआड ठेवल्यामुळेच.

खेळाचे जर्मन मूळही ध्यानात घेण्याजोगे आहे. ‘विनेटू’चा लेखक कार्ल माय (१८४२-१९१२) याने अमेरिकेत पाऊल ठेवले ते १९०८ साली, तोवर त्याच्या ‘पश्चिमे’ने जर्मन वाचकांच्या पिढ्या वाढवल्या होत्या. इटलीतील सर्जिओ लिओनेचे चित्रपट किंवा आपल्याकडचा ‘शोले’ (१९७५) पाहिला तरी हेच दिसते. ‘पश्चिम’ हा प्रदेश जितका भूगोलात आहे, तितकाच तो इतरत्र राहणाऱ्यांच्या कल्पनेत आहे. ‘द वेस्ट’ ही त्याच परंपरेची पुढची कडी होय.

२. कामाची रचना

खेळात शिरणारा खेळाडू एक पात्र घेतो. त्या पात्राला बळ, चापल्य, हस्तकौशल्य आणि व्यक्तिमत्त्वाचा प्रभाव असे चार मूलगुण असतात. प्रत्येक मूलगुणाखाली पाच याप्रमाणे एकूण वीस कौशल्ये येतात. बांधकाम, घोडेस्वारी, पोहणे, लपणे, सापळे लावणे, दुरुस्ती, नेमबाजी, व्यापार ही त्यांपैकी काही. पात्र एक पायरी वर चढले की त्याला काही गुण मिळतात आणि ते कोठे खर्चावयाचे हे खेळाडू ठरवतो.

नकाशावर ठिकठिकाणी कामे मांडलेली असतात. तंबाखूची कापणी, कापूस वेचणे, झाडे तोडणे, मासे पकडणे येथपासून ‘पोनी एक्सप्रेस’ची टपाल नेण्यापर्यंत आणि थेट बँक लुटण्यापर्यंत त्यांचा विस्तार आहे. प्रत्येक कामाला चार मापे लावलेली असतात: मजुरी, अनुभव, दैव आणि धोका. दैव म्हणजे काम करताना एखादी मौल्यवान वस्तू सापडण्याची शक्यता, आणि धोका म्हणजे इजा होऊन जीवनशक्ती घटण्याची शक्यता.

एखादे काम कोणाला करता येईल हे एका सोप्या अंकगणिताने ठरते. त्या कामाशी निगडित कौशल्यांची बेरीज करावयाची. त्यांतील काही कौशल्ये कामाच्या स्वरूपानुसार दुप्पट वा तिप्पट धरावयाची. आणि या बेरजेतून त्या कामाचे काठिण्य वजा करावयाचे. उरलेल्या संख्येस आपण श्रमांक म्हणू. केवळ समजण्यासाठी एक कल्पित उदाहरण घेऊ. बेरीज ४० आली आणि काठिण्य ३२ असेल, तर श्रमांक ८ होतो आणि काम करता येते. बेरीज ३० वरच थांबली तर पात्राला ते काम मिळत नाही. श्रमांक जितका अधिक, तितकी मजुरी व वस्तू हाती लागण्याची शक्यता अधिक. अंगावरचे कपडे, हत्यारे आणि घोडा यांनीही कौशल्यांत भर पडते. म्हणून जाणते खेळाडू कामागणिक पोशाख बदलतात.

या हिशेबाला आणखी तीन मर्यादा आहेत. पहिली ऊर्जेची. प्रत्येक कामाला ऊर्जा लागते, ती वेळेनुसार भरून येते, आणि गावातील हॉटेलात झोप घेतली तर लवकर भरते. दुसरी उमेदीची. तेच ते काम पुन्हा पुन्हा केले की त्या कामाची उमेद खालावते आणि तिच्याबरोबर मजुरी व अनुभवही घटतात. काही काळ गेल्यावर उमेद परत येते. तिसरी अंतराची. एका कामाच्या ठिकाणाहून दुसऱ्या ठिकाणी जाण्यास प्रत्यक्ष वेळ मोजावा लागतो. कामेही घड्याळाच्या वेळेत चालतात. खेळाडू चार कामे रांगेत लावून संगणक बंद करतो आणि पात्र त्याच्या पाठीमागे राबत राहते. मिळालेली रोकड जवळ बाळगणाऱ्याला ती गमावण्याचे भय असते, म्हणून बँकेत भरणा करणे हाही दिनक्रमाचाच भाग बनतो.

पुढे पात्राला साहसी, द्वंद्ववीर, कामकरी आणि सैनिक या चार वर्गांतून एक निवडता येतो. कामकऱ्याची उमेद इतरांपेक्षा सावकाश खालावते आणि बांधकामात त्याला अधिक गती असते. यांखेरीज रानस्वयंपाकी, औषधी काढे विकणारा, लोहार आणि खोगीरकार असे चार हस्तव्यवसाय आहेत. एका वेळी त्यांतला एकच धरता येतो. नकाशावरील कामांतून मिळणारा माल हा या व्यवसायांचा कच्चा माल होय. त्यामुळे कोणताही एक खेळाडू स्वयंपूर्ण राहत नाही. बाजार आणि गाव यांच्याशी त्याला बांधून घ्यावेच लागते.

३. ‘अनुभव’ या संज्ञेविषयी

वरील चार मापांपैकी ‘अनुभव’ हे माप मराठी अभ्यासकाला थबकवणारे आहे. आपल्या समीक्षेत ‘अनुभव’ ही कळीची संज्ञा आहे. नवकथेच्या चर्चेत अनुभवाच्या प्रामाणिकतेचा आग्रह धरला गेला, तर दलित साहित्याने हा अनुभव कोणाचा आणि कोणत्या सामाजिक स्थानावरून घेतलेला, हा प्रश्न पुढे आणला. नारायण सुर्वे यांच्या ‘माझे विद्यापीठ’ (१९६६) या संग्रहाचे शीर्षकच सांगते की, कामकऱ्याच्या जगण्यातून मिळते ते ज्ञान असते. या तिन्ही ठिकाणी अनुभव माणसाला आतून बदलतो आणि तो दुसऱ्याला जसाच्या तसा देता येत नाही, हे गृहीत आहे.

खेळातला अनुभव याच्या नेमका उलट आहे. तो अंकांत मोजला जातो, साठवला जातो, आणि तो कोठून आला हे विसरून जातो. तंबाखू कापून मिळालेले १० अंक आणि बँक लुटून मिळालेले १० अंक यांत पुढे काहीही फरक उरत नाही. याच कारणाने दरोड्यातून हाती आलेले पैसेही खेळाच्या कोष्टकात ‘मजुरी’ याच रकान्यात पडतात. वेस्टर्न कादंबरी व चित्रपट यांचा सारा डोलारा कायदा आणि बेकायदा यांतील संघर्षावर उभा असतो. खेळाची श्रमव्यवस्था मात्र तो संघर्ष धोक्याच्या मापात विरघळवून टाकते.

तरीही या व्यवस्थेचे एक श्रेय नाकारता येत नाही. ज्या कथनपरंपरेने श्रम अदृश्य केला, त्याच परंपरेतील हा खेळ श्रमालाच केंद्रस्थानी आणतो. येथे बंदुकीच्या द्वंद्वांपेक्षा कापणी, वेचणी, तोडणी यांतच खेळाडूचे बहुतेक तास जातात. उमेद खालावण्याचा नियम तर एकसुरी कामाने माणूस थकतो ही गोष्ट कोणत्याही संवादाविना सांगून जातो. नियमही आशय वाहू शकतो, याचे हे चांगले उदाहरण आहे.

४. गाळलेला मालक

मग या व्यवस्थेत नाही काय? तर मजुरी देणारा नाही. कापूस वेचला की डॉलर जमा होतात. परंतु शेत कोणाचे, भाव कोणी ठरवला, न वेचणाऱ्याचे काय होते, हे प्रश्न व्यवस्थेत उद्भवतच नाहीत. काही कामगिऱ्या सांगणारी पात्रे खेळात भेटतात हे खरे. पण नकाशावरील रोजच्या कामांच्या मागे कोणीही उभा नसतो.

इतिहासाच्या शेजारी ठेवले असता ही गळती किती मोठी आहे हे कळते. अमेरिकेत गुलामगिरी कायद्याने संपली ती १८६५ साली. त्यापूर्वी दक्षिणेतील कापूस गुलामांनी वेचला आणि त्यानंतरही पुष्कळसा कर्जात बुडालेल्या वाटेकऱ्यांनी. १८६९ साली पूर्ण झालेल्या आंतरखंडीय रेल्वेचा पश्चिमेकडचा भाग मुख्यतः चिनी मजुरांनी घातला आणि १८८२ साली कायदा करून चिनी मजुरांनाच देशात येण्यास बंदी केली गेली. कोणते काम कोणाच्या वाट्याला येणार, हे तेथे श्रमांकावर नव्हे, तर वंशावर ठरत होते. कापसाचा हा धागा आपल्यापर्यंतही येतो. अमेरिकेतील यादवी युद्धाच्या काळात (१८६१-६५) तिकडचा कापूस लँकेशायरला मिळेनासा झाला, तेव्हा वऱ्हाड-खानदेशचा कापूस मुंबईमार्गे तिकडे गेला, आणि युद्ध संपताच मुंबईच्या बाजारात हाहाकार उडाला. खेळातील कापसाचे बोंड मात्र कोणत्याच इतिहासाचे नाही.

कामाची निवड हीच येथे स्वातंत्र्याची खूण म्हणून येते. ज्या समाजाने बलुतेदारीत आणि जातीत काम जन्माबरोबर वाटून दिलेले पाहिले, त्या समाजातील वाचकाला या निवडीचे आकर्षण वाटणे स्वाभाविक आहे. कोणीही काहीही होऊ शकतो. त्यासाठी केवळ गुण साठवावे लागतात. हे स्वप्न तुच्छ लेखण्याजोगे नाही. परंतु जेथे अडवणारा कोणी दाखवलाच नाही, तेथे मोकळीक मिळाली असे म्हणण्यालाही फारसा अर्थ उरत नाही.

५. चौकटीबाहेरचा मालक

संहितेतून गाळलेला हा मालक संहितेबाहेर मात्र भेटतो. खेळ विनामूल्य खेळता येतो. परंतु खरे पैसे मोजून ‘नगेट’ घेतले की ऊर्जेची मर्यादा वाढवता येते, मिळकत वाढवता येते, रांगेत चारांऐवजी अधिक कामे लावता येतात. म्हणजे पात्र काम करून पैसे मिळवते आणि खेळाडू त्याला अधिक काम करता यावे म्हणून पैसे देतो. ऊर्जा, अंतर आणि वेळ या मर्यादा श्रमाचे चित्रण करतात, तसेच त्या कंपनीच्या उत्पन्नाचे साधनही ठरतात.

हे ‘द वेस्ट’पुरतेच मर्यादित नाही. रॉकस्टार कंपनीच्या ‘रेड डेड ऑनलाइन’ या खेळात २०१९ च्या सप्टेंबरमध्ये इनामी शिकारी, व्यापारी आणि संग्राहक या व्यवसायभूमिका आल्या. त्यांपैकी व्यापाऱ्याची भूमिका सुरू करण्यास खेळातील सोन्याच्या १५ विटा लागत. आणि सोने खेळून जसे मिळवता येते, तसे खऱ्या पैशांनी विकतही घेता येते. व्यापारी शिकार आणतो, तळावरचा सहकारी तिचा माल बनवतो आणि तो गाडीतून पोहोचवताना वाटेत इतर खेळाडू लुटू शकतात. कामाला येथे चेहरा आणि निसर्गदृश्य अधिक आहे. पण धंद्याचा परवाना प्रथम विकत घ्यावयाचा, हे सूत्र अधिकच उघड झाले आहे. २०२२ साली कंपनीने मोठ्या भरी थांबवत असल्याचे जाहीर केले, तेव्हा या आभासी जगाचा मालक कोण, हे खेळाडूंना वेगळे सांगावे लागले नाही.

६. समारोप

या विवेचनातून दोन गोष्टी हाती लागतात. एक, खेळाचे नियम ही वाचता येण्याजोगी संहिता आहे. कादंबरीत जे काम निवेदक करतो, ते खेळात कोष्टक करते. काय मोजावयाचे हे ठरवताना काय वगळावयाचे हेही ते ठरवते. दोन, ‘द वेस्ट’ने वेस्टर्नमधील दडलेला श्रम दृश्य केला, परंतु तो करताना श्रमसंबंध दडवले. कामकऱ्याचे हात दिसू लागले, मालकाचा हात दिसेनासा झाला.

कामगार साहित्य आणि दलित साहित्य वाचत आलेल्या अभ्यासकाने येथे आपला जुनाच प्रश्न विचारावयाचा आहे: हे काम कोणाचे आणि कोणासाठी? आज तरुण वाचक जितका वेळ पुस्तकांत घालवतो, त्याहून अधिक वेळ कदाचित अशा कोष्टकांच्या सहवासात घालवत असेल. श्रमाविषयीच्या त्याच्या कल्पना जर तेथे घडत असतील, तर ती कोष्टके वाचण्याची जबाबदारी साहित्याच्या अभ्यासकांना टाळता येणार नाही.