अंदाज हवा, ‘अंदाजपंचे’ नको!

मूठभर तांदूळ ताटात पसरा आणि तीन सेकंदांत सांगा, दाणे किती? आकडा लिहा, मग एकेक दाणा मोजा. बहुतेकांचा अंदाज कमीच निघतो. पक्ष्यांच्या मोठ्या थव्यापुढेही अगदी हेच होतं.

शहापूर-मुरबाडला समुद्र नाही, पण आसनगावहून लोकल पकडून ठाण्याला गाडी बदलली की ऐरोली. तिथे ठाणे खाडी. हिवाळ्यात फ्लेमिंगोंसोबत चिखल्या, तुतवार आणि पार सैबेरियातून आलेले कर्ल्यू सँडपायपर इथे दिसतात. ओहोटीला हे पक्षी चिखलात लांबवर पांगून चरतात. भरतीला चिखल बुडतो आणि सगळे उरलेल्या जागेवर दाटीवाटीने विसावतात. मोजायची वेळ हीच! म्हणून निघण्याआधी भरतीचं वेळापत्रक बघा.

हजारोंचा थवा एकेक करून मोजायला जाऊ नका. आधी १० पक्षी नीट मोजा, मग ५०. पन्नासांनी थव्याचा किती भाग व्यापलाय ते डोळ्यांत साठवा आणि तेच माप पुढे सरकवत जा. जाती मिसळलेल्या असतील तर आधी एकूण आकडा घ्या. मग थव्याच्या वेगवेगळ्या भागांतले १०० पक्षी ओळखून प्रमाण काढा. दोघं असाल तर वेगवेगळं मोजा, आकडे नंतर जुळवा. थवा उडाला? फोटो काढा आणि घरी मोजा. पक्ष्यांच्या फार जवळ मात्र जाऊ नका. ते उडाले की त्यांची विश्रांतीही गेली आणि तुमची मोजणीही!

एवढा खटाटोप कशाला? कारण आकड्यावर जागेचं भवितव्य ठरू शकतं. एखाद्या पाणथळीवर नियमितपणे २०,००० पाणपक्षी येत असतील, तर ‘रामसर’ दर्जासाठी तो एक निकष मानला जातो. ठाणे खाडी २०१५ मध्ये फ्लेमिंगो अभयारण्य झाली, २०२२ मध्ये रामसर स्थळ.

आता आपल्याकडे या. भातसा, तानसा, बारवी ही धरणं आपल्याच भागातली. इथे भरती-ओहोटीची भानगड नाही. दुर्बीण, वही आणि सकाळची वेळ पुरे. १९८७ पासून दर जानेवारीत आशियाई पाणपक्षी गणना होते. कॉलेजच्या ग्रुपने एक काठ निवडावा आणि दरवर्षी तोच मोजावा. एकही पक्षी दिसला नाही, तर शून्य लिहावं. आज आकडाच नसेल, तर उद्या पक्षी घटले हे सांगणार कशाच्या जोरावर?