डिस्कससाठी टँक मुरवताना

चार फुटी फिश टँक दिवाणखान्यात येतो, पाणी भरलं जातं, फिल्टर सुरू होतो, आणि मग महिनाभर त्यात एकही मासा दिसत नाही. येणारा-जाणारा विचारतो, "मासे कुठायत?" डिस्कस पहिल्यांदाच पाळणाऱ्यानं हा प्रश्न महिना-दीड महिना सोसायला हवा. या माशाच्या बाबतीतल्या बहुतेक चुका तो घरी येण्याआधीच होऊन बसलेल्या असतात, म्हणून सुरुवात या रिकाम्या टँकपासूनच करतो.

मासा कल्ल्यांतून आणि विष्ठेतून सतत अमोनिया सोडतो. उरलेलं अन्न कुजलं की त्यातूनही अमोनियाच निघतो. हे विष पचवणारे जिवाणू फिल्टरच्या स्पंजवर वस्ती करतात. एक जात अमोनियाचं नायट्राइट करते, दुसरी नायट्राइटचं नायट्रेट. नायट्राइटही घातकच, नायट्रेट मात्र बऱ्यापैकी सौम्य असतं आणि पाणी बदललं की निघून जातं. ही वस्ती जमायला साधारण चार ते सहा आठवडे लागतात. तोवर रोज चिमूटभर माशांचं खाणं रिकाम्या टँकमध्ये टाकायचं, म्हणजे जिवाणूंना खुराक मिळतो. ओळखीत कुणाचा निरोगी, जुना टँक असेल तर त्याच्या फिल्टरमधला स्पंजचा तुकडा मागून आणा. दुधाला विरजण लागतं तसंच हे, काम निम्म्या वेळात होतं. शेवटी टेस्ट किटवर अमोनिया शून्य, नायट्राइट शून्य आणि नायट्रेट थोडं, असं सलग काही दिवस दिसलं की टँक मुरला.

डिस्कससाठी हे इतकं काटेकोरपणे का करायचं, तर तो उष्ण पाण्यातला मासा आहे. त्याला 28 ते 30 अंश सेल्सिअस लागतं, आणि अमोनियाचा विषारीपणा तापमान नि पीएच या दोहोंबरोबर वाढतो. 30 अंशांच्या पाण्यात पीएच 7 असेल तर एकूण अमोनियातला खरा विषारी वाटा एक टक्क्याच्याही आत असतो. तोच पीएच 8 झाला की हा वाटा सात टक्क्यांच्या आसपास जातो. गोल्डफिश जिथं निभावून नेईल, तिथं डिस्कस काळवंडून कोपऱ्यात उभा राहतो.

टँकचं माप ठरवताना हात आखडता घेऊ नका. पूर्ण वाढलेला डिस्कस सहा-सात इंचांचा होतो आणि उंचीलाही जवळजवळ तेवढाच. एका माशामागे चाळीस लिटर पाणी हा हिशेब बरा. चार फूट लांब, दीड फूट रुंद, दीड फूट उंच टँकमध्ये अडीचशे लिटर मावतं, म्हणजे सहा मासे. सहाच का? हा मासा कळपातला आहे आणि कळपात मानपान असतो. दोन-तीनच ठेवले तर थोरला धाकट्याला खाऊ देत नाही, मारून मारून त्याला झुरवतो. सहा असले की तो जाच सगळ्यांत वाटला जातो. भरलेल्या टँकचं वजन काच धरून पाव टनावर जातं. तो भक्कम लोखंडी स्टँडवर, भिंतीला लागून ठेवा. तळाला वाळू-खडी काही घालू नका. उघड्या काचेवरची घाण दिसते आणि नळीनं लगेच ओढता येते. शोभेसाठी एखादं लाकूड पुरे.

आता पीएचचं प्रकरण. डिस्कस मूळचा अ‍ॅमेझॉनच्या खोऱ्यातला. 1840 मध्ये हेकेल या ऑस्ट्रियन शास्त्रज्ञानं ज्या जातीचं पहिलं वर्णन केलं ती रिओ निग्रोची, आणि त्या नदीचं पाणी कोऱ्या चहासारखं दिसणारं, अत्यंत मृदू, आम्लधर्मी. हे वाचून नवखा माणूस पीएच उतरवायच्या बाटल्या विकत आणतो. माझ्या मते पैशाचा आणि माशांचा यापेक्षा वाईट नाश नाही. दुकानात मिळणारे लाल, निळे, पिवळे डिस्कस पिढ्यान्‌पिढ्या काचेच्या टँकमध्ये पैदास झालेले आहेत. थायलंड-मलेशियात तर त्यांचा मोठा धंदाच आहे. हे मासे साडेसहा ते साडेसात पीएचमध्ये सुखानं राहतात. आज साडेसहा, उद्या साडेसात, परवा पुन्हा सहा, हे मात्र त्यांना झेपत नाही. आकडा थोडा चुकीचा असला तरी चालेल, तो हलता कामा नये.

मुंबईला तानसा, वैतरणा, भातसाचं पाणी येतं, पुण्याला खडकवासल्याचं. धरणांचं हे पाणी बहुधा मृदू असतं आणि त्यात डिस्कस वाढतात. बोअरवेलचं पाणी खडकातून क्षार घेऊन येतं. बादलीवर पांढरे डाग पडत असतील तर पाणी जड आहे असं समजा आणि त्यात आरओचं पाणी मिसळून ते हलकं करा, रोज त्याच प्रमाणात.

नळाच्या पाण्यातलं क्लोरीन कल्ले जाळतं आणि मुरवलेले जिवाणूही मारतं. म्हणून एक पिंप वेगळं ठेवायचं. त्यात आदल्या दिवशी पाणी भरायचं, दुकानात अँटीक्लोरीन म्हणून मिळणारं औषध घालायचं, हवेचा पंप रात्रभर चालवायचा आणि हिटरनं ते टँकच्या तापमानाला आणायचं. आठवड्यातून दोनदा तिसरा हिस्सा पाणी बदला. लहान, वाढती पिल्लं असतील तर याहून जास्त. पावसाळ्यात नळाला गढूळ पाणी आलं आणि क्लोरीनचा वास नेहमीपेक्षा उग्र वाटला, तर त्या दिवशी पाणी बदलूच नका.

अडीचशे लिटरला तीनशे वॅटचा एक हिटर घेण्याऐवजी दीडशेचे दोन घ्या. एक बंद पडला तर दुसरा रात्र काढतो, आणि एक चालूच राहून अडकला तरी एकटा पाणी उकडू शकत नाही. पुण्या-नाशकाच्या डिसेंबरात हा खर्च वसूल होतो. मे महिन्यातला धोका वेगळाच असतो. पाणी जितकं गरम तितका त्यात प्राणवायू कमी मावतो, म्हणून हवेचा पंप दिवसरात्र चालू हवा, आणि वीज गेल्यावर चालणारा बॅटरीचा पंप घरात हवाच.

मग मासे आणायचे. दोन इंची पिल्लं स्वस्त पडतात, पण त्यांना दिवसातून पाच वेळा खाऊ घालावं लागतं आणि जरा हयगय झाली की वाढ खुंटते ती कायमचीच. पहिल्या खेपेला चार इंची घ्या, सगळे एकाच ठिकाणाहून, एकाच दिवशी. शरीर गोल असावं. डोळा शरीराच्या मानानं मोठा दिसला तर तो मासा खुरटलेला आहे. दुकानदाराला त्यांच्यापुढे खाणं टाकायला सांगा. जो पुढे येऊन खातो तोच घ्या. एंजल सोबत ठेवू नका, ते खाणं पळवतात आणि परजीवीही आणतात. सोबतीला कार्डिनल टेट्रा मात्र चालतात, त्यांना एवढं गरम पाणी मानवतं.

पिशवी घरी आल्यावर तासन्‌तास थेंब थेंब पाणी सोडत बसण्याची पद्धत लांबच्या प्रवासातून आलेल्या माशांवर उलटते. प्रवासात त्यांच्या श्वासातला कार्बन डायऑक्साइड पिशवीत साठतो, पीएच उतरतो, आणि त्यामुळे साठलेला अमोनिया निरुपद्रवी राहतो. पिशवी उघडली की वायू उडतो, पीएच चढतो आणि तोच अमोनिया जहर होतो. म्हणून बंद पिशवी वीस मिनिटं तरंगत ठेवून तापमान जुळवा, मग उघडून मासे लगेच टँकमध्ये सोडा. पिशवीतलं पाणी फेकून द्या. दिवा बंद ठेवा आणि त्या दिवशी खाऊ घालू नका.

रोजच्या खाण्याला दाणे आणि गोठवलेले ब्लडवर्म चालतात. सोललेल्या कोळंबीत थोडा पालक वाटून गोठवून ठेवलं तर फार आवडीनं खातात. गटारातून काढलेले जिवंत ट्यूबिफेक्स टाळा, रोग त्यांच्याबरोबरच येतात. अर्ध्या तासात जे उरेल ते नळीनं काढा. पांढरी, दोऱ्यासारखी विष्ठा दिसली, खाणं सुटलं, अंग काळं पडलं, तर आतड्यातले परजीवी असण्याचा संभव मोठा. पण औषधाआधी पाणी तपासा. बऱ्याचदा दोष तिथंच सापडतो.

वर्षा-दीड वर्षानं सहांतले दोन कोपरा अडवून बसू लागले, तर तिथं मातीची कुंडी उपडी ठेवा. ते ती चाटूनपुसून साफ करतात आणि अंडी घालतात. अडीच-तीन दिवसांत अंडी फुटतात, आणखी तितक्याच दिवसांत पिल्लं पोहू लागतात आणि थेट आईबापांच्या अंगाला चिकटतात. दोघांच्याही कातडीवर त्या वेळी पोषक बुळबुळीत थर सुटतो. तोच पिल्लांचा पहिला आहार, म्हणजे इथं बापालाही पान्हा फुटतो. एक दमला की अंग झटकतो आणि सगळी पिल्लं तरंगत दुसऱ्याकडे जातात. त्या दिवसांत पाणी काढताना नळीच्या तोंडाला मलमलीचं फडकं बांधा, आणि फिल्टरच्या तोंडाला स्पंज.