जुन्या सिनेमाला गुण आपण द्यायचे

वर्तमानपत्रात सिनेमाचे परीक्षण येते. खाली चार तारे, साडेतीन तारे असे काहीतरी छापलेले असते. हे तारे कोण देतो? ज्याने आपली वस्ती कधी पाहिली नाही, तो. जुन्या सिनेमांचे तर विचारूच नका. 'अजरामर', 'अभिजात' अशी विशेषणे एकाने लावली की पुढचे सगळे तीच गिरवतात. त्या सिनेमात आपला माणूस कुठे उभा आहे, हे मात्र कोणी पाहत नाही.

केळशीच्या आमच्या बौद्धवाडीतल्या काही घरांनी हे काम हाती घेतले आहे. पावसाळ्यात शेताची कामे आटोपली, की शनिवारी रात्री ज्याच्या घरचा टीव्ही मोठा, त्याच्या घरी सगळे जमतात. हल्ली कितीतरी जुने सिनेमे इंटरनेटवर फुकट पाहायला मिळतात. गिरणीत आयुष्य काढून गावी परतलेली वडीलमंडळी, मुंबईहून आलेले चाकरमानी, काकी, आज्या, दहावी-बारावीची मुले असा सगळा मेळ बसतो. सिनेमा संपला की वही उघडते. वडीलमंडळींना लालबागच्या भारतमाता टॉकीजचे दिवस आठवतात, मुलांना मात्र काळ्या-पांढऱ्या चित्रांची आधी जांभई येते. पण गुण द्यायची वेळ आली की कोणी झोपत नाही.

आमचे पाच प्रश्न

प्रत्येक प्रश्नाला दोन गुण, एकूण दहा. पहिला प्रश्न : सिनेमातल्या आपल्या माणसाला नाव आहे का आणि तो तोंड उघडून बोलतो का? दुसरा : तो स्वतः काही करतो, की कोणीतरी येऊन आपल्याला उचलावे म्हणून वाट पाहतो? तिसरा : शेवटी तो जगतो की त्याला मारून टाकतात? चौथा : बाईच्या मताला किंमत आहे का? पाचवा : कारागिरी चांगली आहे का, पुन्हा पाहावासा वाटतो का?

हे प्रश्न साधे आहेत, पण भल्याभल्या सिनेमांना घाम फोडतात.

१९३५ आणि १९३६

प्रभातचा 'धर्मात्मा' १९३५ सालचा. दिग्दर्शक व्ही. शांताराम, एकनाथांच्या भूमिकेत बालगंधर्व. सिनेमाचे मूळ नाव 'महात्मा' होते. सेन्सॉरने हरकत घेतली म्हणून ते बदलावे लागले. एकनाथ महाराच्या घरी जेवायला जातात आणि गावात वादळ उठते, अशी ही गोष्ट. त्या काळात पडद्यावर हे दाखवायला धाडस लागत होते, यात शंका नाही. पण दुसऱ्या प्रश्नाला आमच्या मुलांनी शून्य दिले. जेवायला येणारा मोठा ठरला, वाढणारा मात्र हात जोडून उभाच राहिला. त्याच १९३५ च्या ऑक्टोबरात बाबासाहेबांनी येवल्यात 'हिंदू म्हणून मरणार नाही' ही घोषणा केली. पडद्यावर कोणीतरी आपल्याकडे जेवायला यावे याचे कौतुक चालले होते, आणि बाहेर आपला समाज ते घरच सोडायला निघाला होता. या सिनेमाला एकूण गुण पाच.

पुढच्या वर्षी बॉम्बे टॉकीजचा 'अछूत कन्या' आला. दिग्दर्शक जर्मन, फ्रान्झ ऑस्टेन. रेल्वेच्या फाटकावरच्या दुखियाची मुलगी कस्तुरी आणि ब्राह्मण दुकानदाराचा मुलगा प्रताप. देविकाराणी आणि अशोककुमार या भूमिकांत. दुखियाने प्रतापच्या वडिलांना सर्पदंशातून वाचवलेले असते. दोन्ही घरांचा जिव्हाळा असतो, मुले एकत्र वाढतात, पण लग्न मात्र होत नाही. शेवटी फाटकात मारामारी जुंपते, गाडी येते, आणि ती थांबवायला धावलेली कस्तुरी रुळांवर प्राण देते.

यावर आमच्याकडे रात्री उशिरापर्यंत वाद झाला. वडीलमंडळींचे म्हणणे असे, की १९३६ साली अस्पृश्याच्या मुलीला नायिका केले हेच मोठे, आणि ती भित्री नाही, गाडीसमोर उभी राहते. मुलींचे म्हणणे वेगळे पडले. तिला जगू दिले असते तर प्रश्न सोडवावा लागला असता. ती मेली, लोकांनी डोळे पुसले आणि प्रश्न तसाच ठेवून घरी गेले. त्याच १९३६ साली बाबासाहेबांचे 'जातिसंहार' हे न दिलेले भाषण पुस्तकरूपाने निघाले होते. त्यात रडण्याची नाही, जात मोडण्याची भाषा होती. शेवटी नाव आणि धाडस यांचे चार, कारागिरीचे दोन, मरणाचे शून्य, बाईच्या मताचे शून्य. एकूण सहा.

'मुलगी' आणि 'मुलीसारखी'

बिमल रॉय यांचा 'सुजाता' १९५९ चा, म्हणजे धम्मदीक्षेनंतर तीन वर्षांनी आलेला. पटकीत आईबाप गेलेली अस्पृश्याची पोर एका ब्राह्मण इंजिनिअरच्या घरी वाढते. घरातली बाई तिला वाढवते, पण ओळख करून देताना 'मुलगी' म्हणत नाही, 'मुलीसारखी' म्हणते. एका 'सारखी'त सगळी जात भरलेली आहे. आमच्या काकी-मावशींनी, ज्यांनी मुंबईत दुसऱ्यांच्या घरी कामे केली, हे वाक्य ऐकताच एकमेकींकडे पाहिले. 'घरच्यासारखी' हा शब्द त्यांनी वर्षानुवर्षे ऐकला आहे.

नूतनने हे काम फार जपून केले आहे. ती बोलते कमी, पण पाहते पुष्कळ. तक्रार आहे ती शेवटाबद्दल. मालकीणबाई जखमी होते, तिला सुजाताचेच रक्त जुळते, आणि मग तिला मुलगी म्हणून स्वीकारतात. म्हणजे माणूस असल्याचा दाखला रक्त देऊन मिळवायचा! ज्याने कधी रक्त दिले नाही, तो माणूस नाही का? भगवंतांना खीर देणाऱ्या सुजाताचे नाव आपल्या घरोघरी आहे. आपल्या सुजाता दाखले देत बसणाऱ्या नाहीत. गुण सात.

आपल्यांचे सिनेमे

आचार्य अत्र्यांच्या 'महात्मा फुले'चा मुहूर्त १९५४ साली खुद्द बाबासाहेबांच्या हस्ते झाला. बाबुराव पेंढारकर जोतिराव, सुलोचनाबाई सावित्रीमाई. या सिनेमात गाडगेबाबा आणि प्रबोधनकार ठाकरेही दिसतात. त्या वर्षीचे मराठी चित्रपटासाठीचे राष्ट्रपतींचे रौप्यपदकही त्याला मिळाले. संवाद लांबतात अशी मुलांची तक्रार आहे, म्हणून एक गुण कापला. नऊ गुण.

अण्णाभाऊ साठे यांच्या कादंबऱ्यांवर निघालेले सिनेमे आमच्या यादीत पुढे आहेत. 'वैजयंता' १९६१ चा, 'वारणेचा वाघ' १९७० चा. शाळेची पायरी जेमतेम चढलेल्या, गिरणीत राबलेल्या माणसाच्या लेखणीतून पडद्यावर माणसे उतरली, हे मुलांना सांगायलाच हवे.

बाबासाहेबांच्या जन्मशताब्दीच्या सुमारास, १९९० साली, विजय पवार यांचा 'भीमगर्जना' आला. इथे आमची खरी परीक्षा होती. केळशीपासून भारजा नदी ओलांडली की मंडणगड तालुका, बाबासाहेबांचे मूळ गाव आंबडवे त्यातच. रमाई आमच्याच दापोली तालुक्यातल्या वणंदच्या. असा सिनेमा पाहताना डोळे भरून येतात. पण डोळे भरले म्हणून गुण भरायचे नाहीत, असा आम्ही नियम केला. कारागिरी आम्हाला बेताची वाटली, तिथे दोनपैकी एकच गुण दिला. आपल्याला चांगलेच हवे आहे, तर आपल्या माणसांकडूनही चांगल्याचीच मागणी करावी. दुसऱ्यांनी आपल्यावर दया दाखवू नये असे म्हणायचे आणि आपण आपल्यांवर दया दाखवायची, हे बरे नव्हे.

वहीतली कोरी ओळ

आमच्या वहीत एक ओळ कोरी आहे. बाबुराव पेंटर यांचा 'सावकारी पाश', १९२५ चा मूकपट. सावकार शेतकऱ्याची जमीन गिळतो आणि शेतकरी शहरात जाऊन गिरणीत मजूर होतो. ही आम्हा कोकणवाल्यांच्या घरोघरीची गोष्ट. तरुण शेतकऱ्याचे काम शांतारामबापूंनी केले होते. पण तो मूकपट आज पाहायला मिळत नाही. १९३६ साली पेंटरांनी तीच गोष्ट बोलपटात पुन्हा केली, मूळ मात्र गेला. जुनी फिल्म नायट्रेटची असे, ती चटकन पेट घेई. पुण्यात राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय १९६४ साली उभे राहिले, तोवर बरेच हातचे गेले होते. जपलेल्यातलेही पुष्कळ ८ जानेवारी २००३ च्या आगीत जळाले. जे उरत नाही त्याला कोणी गुण देऊ शकत नाही.

म्हणून एका जुन्या फिल्मचे मोल आम्ही सर्वांत वरचे मानतो. ७ डिसेंबर १९५६. मुंबईत बाबासाहेबांची अंत्ययात्रा निघाली. ते दृश्य स्वतःच्या खर्चाने कॅमेऱ्यात धरून ठेवले ते नामदेवराव व्हटकर यांनी. ती माणसांची अथांग गर्दी आज आपली पोरे पाहू शकतात, ती एका माणसाने वेळेवर कॅमेरा उभा केला म्हणून. या फिल्मला गुण द्यायची कोणाची हिंमत झाली नाही. पाहून झाल्यावर आम्ही उभे राहिलो, इतकेच.

आपल्या पेटीत काय आहे?

ही जबाबदारी आता आपल्यावरही आहे. १९८०-९० च्या काळात आपल्या वस्त्यांत जयंतीच्या मिरवणुका, बौद्ध पद्धतीची लग्ने, गायनपार्ट्यांचे सामने व्हिडिओ कॅसेटवर उतरवले गेले. त्या कॅसेट कुठे आहेत? माळ्यावर, लोखंडी पेटीत. आणि समुद्रकाठची दमट हवा त्यांना हळूहळू खाते आहे.

पेटी उघडा. कॅसेटच्या काचेतून टेपवर पांढरट बुरशी दिसली तर ती घरच्या व्हीसीआरमध्ये घालू नका, टेप तुटेल आणि यंत्रही बिघडेल. जाणकाराकडून आधी साफ करून घ्या. चांगल्या कॅसेट कोरड्या जागी उभ्या ठेवा आणि लवकरात लवकर त्यांची नक्कल संगणकावर उतरवून घ्या. नवे व्हीसीआर बनवणे जपानच्या शेवटच्या कंपनीनेही २०१६ साली बंद केले. आहेत ती यंत्रे चालतात तोवरच वेळ आहे. नक्कल एकाच घरात न ठेवता दोन-तीन घरांत ठेवा. कॅसेटवर कोण, कुठले, कोणत्या साली हे आजी-आजोबा सांगू शकतात तोवर लिहून घ्या.

आणि एक वही करा. महिन्यातून एक जुना सिनेमा घरच्यांनी एकत्र पाहावा, पाच प्रश्न विचारावेत, गुण लिहावेत, खाली कारण लिहावे. मुलांचे गुण आणि आईबापांचे गुण जुळलेच पाहिजेत असे नाही. न जुळले तर जास्त चांगले, घरात बोलणे होईल. पडद्यावर आपल्याला कोणी कसे दाखवले हे जे पोर ओळखू लागेल, ते उद्या पुस्तकात, वर्तमानपत्रात आणि भाषणातही ओळखेल.