संकटकाळ आणि अनुताप

दुष्काळ, रोगाची साथ किंवा युद्ध यांपैकी एखादी आपत्ती राष्ट्रावर कोसळली म्हणजे ‘हे कोणाच्या पापाचे फळ?’ हा प्रश्न लोकांच्या मुखी हटकून येतो. ख्रिस्ती धर्मग्रंथाने त्यास दिलेले उत्तर खुद्द ख्रिस्ती जनांच्याही पुष्कळदा विस्मरणात जाते. लूककृत शुभवर्तमानाच्या १३ व्या अध्यायात शिलोहाचा बुरूज कोसळून १८ माणसे मेल्याचा उल्लेख आहे. ती माणसे यरुशलेमेतील इतरांहून अधिक अपराधी होती काय, असे येशूने विचारले आणि नव्हती, असे उत्तरही स्वतःच दिले. मात्र त्याच दमात ऐकणाऱ्यांनी पश्चात्ताप करावा, असे बजावले. म्हणजे मृतांच्या पापाची चौकशी तेथे संपली आणि जिवंतांची सुरू झाली. आपद्‌ग्रस्तांस दोष देणे हा अनुताप नव्हे. ती अनुताप टाळण्याची सोयीस्कर वाट होय.

मग अनुताप म्हणजे काय? मराठीतील ‘पश्चात्ताप’ या शब्दात मागाहून होणारा मनस्ताप तेवढा दिसतो. हिब्रू भाषेतील ‘शूब’ या शब्दाचा अर्थ मात्र परत फिरणे असा आहे. वाट चुकलेला मनुष्य नुसता रडत बसला तर घरी पोचत नाही. त्यास पावले वळवावी लागतात.

राष्ट्राने पावले कशी वळवावी, याचा दाखला योशीया राजाच्या कथेत आहे. ख्रिस्तपूर्व ६२२ च्या सुमारास यरुशलेमेतील मंदिराची डागडुजी चालू असता हिल्कीया याजकास नियमशास्त्राचा ग्रंथ सापडला. ज्या ग्रंथावर राष्ट्राची उभारणी झाली, तो देवळातच पडून होता आणि कोणास त्याची दाद नव्हती! तो ऐकताच राजाने आपली वस्त्रे फाडली, सर्व प्रजेस जमवून तो वाचून दाखविला आणि वल्हांडण सण पुन्हा यथाविधी पाळविला. वारसा हरवलेला नव्हता; तो विसरला गेला होता.

महाराष्ट्रातही याचे प्रत्यंतर आले. पंडिता रमाबाईंनी कोवळ्या वयात दुष्काळाच्या दिवसांतच आईवडील गमावले होते. पुढे १८९६–९७ आणि १९०० च्या दुष्काळांत दुष्काळ कोणाच्या पापामुळे पडला याचा खल करीत न बसता त्यांनी शेकडो निराधार मुलींना आणून केडगावच्या मुक्तिसदनात आसरा दिला.

रत्नागिरी जिल्ह्यात ख्रिस्ती उपदेशाचा आरंभ १८२३ साली बाणकोट येथे स्कॉटिश मिशनऱ्यांनी केला. त्याच जिल्ह्यातील करजगावी १८६१ साली नारायण वामन टिळक यांचा जन्म झाला. १८९५ साली त्यांनी मुंबईस बाप्तिस्मा घेतला. १९०० च्या दुष्काळात टिळक दांपत्याने नगरास पोरक्या मुलांचा सांभाळ केला. परंतु टिळकांचे परत फिरणे एवढ्यावर थांबले नाही. तुकारामांच्या सेतूवरून आपण ख्रिस्तापाशी आलो, असे ते म्हणत. परदेशी चालींत प्रार्थना करणाऱ्या मराठी मंडळीस त्यांनी अभंग, भजन व कीर्तन यांची पुन्हा ओळख करून दिली. १९१७ साली मिशनची पगारी चाकरी सोडून त्यांनी ‘देवाचा दरबार’ स्थापिला. बाप्तिस्मा घेतलेला असो वा नसो, ख्रिस्ताच्या भक्तास तेथे मज्जाव नव्हता. १९१९ साली ते निवर्तले. त्यांची गीते मराठी मंडळ्यांच्या उपासनेत आजही गाइली जातात.

धर्म पालटला म्हणून पूर्वजांची भक्ती टाकावी लागत नाही आणि पूर्वजांचा अभिमान धरला म्हणून स्वतःच्या दोषांवर पांघरूण घालता येत नाही, हे टिळकांच्या चरित्राचे सार होय. संकटकाळी राष्ट्राने दुसऱ्याच्या अपराधांची मोजदाद थांबवावी, भुकेल्यास घरात घ्यावे आणि स्वतःच्याच देवळात धूळ खात पडलेला ग्रंथ उघडून वाचावा. ख्रिस्ती दृष्टीने राष्ट्रीय अनुताप तो हाच.