बोंबलाचे दक्षिण ध्रुवाकडचे भाऊबंद

वर्सोव्याला बांबूच्या मांडवांवर जबड्यात जबडा अडकवून जोडीने वाळत घातलेले बोंबील अंधेरीकरांना नवे नाहीत. त्यांचा एक लांबचा नातेवाईक अंटार्क्टिकाभोवती, शून्य अंशाच्या आसपासच्या पाण्यात शेकडो मीटर खाली राहतो. त्याची प्रजाती नोटोलेपिस.

लुई डोलो या बेल्जियन शास्त्रज्ञाने १९०८ मध्ये तिची नोंद केली. मासा हाती आला होता विल्यम ब्रूस यांच्या १९०२-०४ च्या स्कॉटिश मोहिमेत. मोहिमेला मुख्य पैसा पुरवला तो दोऱ्याच्या गिरण्यांचे मालक असलेल्या कोट्स बंधूंनी, म्हणून जातीच्या नावात ‘कोट्स’ आले. त्याच कोट्सची रिळे पुढे आपल्याकडच्या शिवणयंत्रांवरही फिरली.

मासा सडपातळ, लांबुडका, टोकदार तोंडाचा. बोंबलाशी त्याचे साम्य शोधायला गेले तर हाती फार लागत नाही. तरी दोघे ऑलोपिफॉर्मिस या एकाच गणातले. डॉन रोझेन यांनी १९७३ मध्ये हा गण मांडला, तो मुख्यतः कल्ल्यांच्या कमानीतल्या एका छोट्या हाडाच्या ठेवणीवरून. म्हणजे बोंबील साफ करताना जे आधी फेकले जाते, त्यातच कुळाचा दाखला!

या गणातल्या माशांना वाताशय, म्हणजे तरंगायला मदत करणारी हवेची पिशवी नसते. खोल समुद्रातले बरेच मासे ही उणीव पाणीदार मांस आणि हलक्या हाडांनी भरून काढतात. बोंबलाच्या अंगात तर ८५ टक्क्यांहून अधिक पाणी. म्हणून तो तळण्याआधी पाट्याखाली दाबावा लागतो. मग बोंबील खोल समुद्रातूनच वर आला असेल का? कल्पना मोहक आहे, पण मला ती घाईची वाटते. त्याच्याच कुटुंबातला चोर बोंबील उथळ समुद्राच्या तळाशी राहतो आणि त्याचे मांस चांगले घट्ट असते.

आहाराचे मात्र जुळते. बोंबील भरती-ओहोटीच्या गढूळ पाण्यात जवळ्यावर तुटून पडतो आणि जवळ्याच्या मागोमाग कोळ्यांच्या डोळ जाळ्यात सापडतो. नोटोलेपिस क्रिल खातो. क्रिलही कोळंबीसारखाच दिसणारा, थव्याने फिरणारा जीव. आणि नोटोलेपिसवर टपून असतात पेंग्विन व सील.

त्या समुद्रात पृष्ठभागाचे पाणी उणे १.९ अंशापर्यंत उतरते, तर काहीशे मीटर खाली ते शून्याच्या किंचित वर असते. तिथे खोल राहणेच उबदार.